'उतार' : एका कादंबरीच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२५, मंगळवार

येत्या सिंहस्थातील अमृतस्नानांच्या, म्हणजे पूर्वीच्या शाहीस्नानांच्या, तारखा परवा जाहीर झाल्या. नाशिकसाठी २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ अशा तीन तारखा वर्तमानपत्राने चौकट करून छापल्या आहेत. मधली तारीख वाचल्यावर मी तिची तिथी काढून पाहिली. ३१ ऑगस्ट २०२७ रोजी श्रावण अमावास्या, म्हणजेच पिठोरी अमावास्या येते. २७ ऑगस्ट २००३ रोजीही पिठोरी अमावास्याच होती, आणि त्या दिवशी शाहीस्नानाच्या गर्दीत, पंचवटीतल्या सरदार चौकातून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर ३९ माणसे मरण पावली. मधल्या सिंहस्थात, २०१५ साली, याच तिथीचे स्नान १३ सप्टेंबरला होते आणि ते सुखरूप पार पडले. ज्यांना २००३ आठवते त्यांच्या घरी मात्र तो दिवस कसा गेला असेल, हे माझ्या कादंबरीत असायला हवे होते आणि ते नाही.

हस्तलिखित सहा वर्षांपूर्वी सुरू केले होते. १४० पाने झाल्यावर ते कपाटात गेले. घटना लिहून झाली होती, अडचण त्यापुढची होती. वाचलेली माणसे हळूहळू सावरली, एवढे एकच वाक्य हाताशी होते आणि त्या वाक्याची काही केल्या कादंबरी होत नव्हती. दिवाळीनंतर पूर्ण खर्डा हाती असावा असे ठरवून काम पुन्हा सुरू करत आहे, आणि त्यासाठी ही वही.

कामाचे नियम आजच लिहून ठेवते. तारीख, जागा आणि मृतांची संख्या खरी राहील. पात्रे सर्वस्वी माझी असतील आणि ३९ जणांपैकी कोणाच्याही जागी मी नाव घालणार नाही. दोष कोणाचा, हा या पुस्तकाचा विषय नाही. त्यासाठी तेव्हा चौकशी आयोग नेमला गेला होता. शेवटचा नियम सर्वांत अवघड आहे. माझी मावशी त्या दिवशी तिथे होती. ती आणि तिची जाऊ अशा दोघी सिन्नरजवळच्या गावाहून स्नानाला आल्या होत्या आणि परतली ती एकटी मावशी. आज ती सिडकोत मुलाकडे राहते आणि पंचवटीतून जाणाऱ्या रिक्षात बसत नाही. यापलीकडे आम्हाला काही माहीत नाही, कारण ती कधी बोलली नाही आणि आम्ही कधी विचारले नाही. कादंबरीसाठी तिला विचारायचे नाही.

९ जून २०२५, सोमवार

सकाळी सहाला काळाराम मंदिरापासून सरदार चौकामार्गे रामकुंडापर्यंत चालत गेले. जन्म नाशिकमध्ये गेला असला तरी हा रस्ता मी कधी रस्ता म्हणून पाहिलेला नव्हता. तांब्याचे गडू, रुद्राक्षाच्या माळा आणि हळदीकुंकवाच्या राशी पाहण्यातच तो संपून जातो. आज दुकाने बंद होती, त्यामुळे पायाखालचा उतार जाणवला. म्हाताऱ्या बायका तो सरळ उतरत नाहीत. एक पाऊल आडवे टाकून, दुसरे त्याच्या शेजारी आणून, थांबत थांबत उतरतात. गर्दीत अशी पावले टाकायला जागा मिळत नाही, हे पहिल्या प्रकरणात यायला हवे.

उताराचे महत्त्व मला परदेशातल्या एका घटनेमुळे नीट समजले. २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री दक्षिण कोरियातील सोल शहरात, इथेवॉन भागातल्या एका उतरत्या गल्लीत, अशाच दाबाने १५८ माणसे दगावली. गल्ली अरुंद जागी जेमतेम सव्वातीन मीटर रुंद होती. सपाटीवर माणूस कोलमडला तर मागचा क्षणभर तरी तोल सांभाळू शकतो, उतारावर मागच्या सर्वांचे वजनच पुढे येते. त्या घटनेतला मृतांचा अधिकृत आकडा पुढे १५९ झाला. गर्दीतून वाचलेल्या, परंतु जवळचे मित्र गमावलेल्या एका शाळकरी मुलाने काही आठवड्यांनी आपला जीव संपवला आणि सरकारने त्याचीही गणना त्याच घटनेच्या मृतांत केली. एखाद्या दुर्घटनेचा आकडा नक्की कोणत्या दिवशी पक्का होतो, हा प्रश्न मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे.

कादंबरीचे नाव 'उतार' हे सहा वर्षांपूर्वी केवळ रस्त्यावरून सुचले होते. तापाला उतार पडतो, तोही शब्द हाच. तेव्हा हे माझ्या ध्यानात आले नव्हते, यावर तीस वर्षे मराठी शिकवलेल्या बाईने फारसा अभिमान बाळगू नये.

२४ जून २०२५, मंगळवार

तिसरे प्रकरण रद्द केले. त्यात मी लोक धावत सुटल्याचे, एकजण पडल्याचे आणि बाकीचे त्याच्यावरून गेल्याचे लिहिले होते. गर्दीच्या शास्त्राविषयी गेले दोन आठवडे जे वाचले त्यावरून हे चित्र बहुतेक वेळा खोटे असते असे दिसते. एका चौरस मीटरमध्ये साधारण सहा-सात माणसे कोंबली गेली की स्वतःच्या इच्छेने पाऊल उचलणे अशक्य होते आणि गर्दी पाण्यासारखी वागू लागते. तिच्यातून लाटा जातात आणि माणसे पाय न हलवता तीन तीन मीटर वाहत जातात. अशा अपघातांनंतर लोखंडी कठडे वाकलेले सापडले आहेत. मृत्यू बहुधा तुडवले गेल्याने येत नाही. छाती दाबली जाते, श्वास आत घेता येत नाही आणि माणूस कित्येकदा उभ्या उभ्या जातो. मागच्या माणसांना पुढे काय चालले आहे याची कल्पनाही नसते.

हे वाचल्यापासून 'चेंगराचेंगरी' हा शब्द मला टोचू लागला आहे. मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी या घडणीचा तो शब्द आहे. अशा शब्दांत दोन्ही बाजूंनी कृती असते आणि जे एकाने केले तेच दुसऱ्यानेही केलेले असते. म्हणजे ज्या माणसाच्या पायाखालची जमीनच सुटली होती, त्याच्या माथी भाषेने आपसूक एक क्रिया मारलेली आहे. बातमीत हा शब्द वाचणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. त्यातून जीव वाचलेल्या बाईला मात्र तो रोजच्या बोलण्यात, दर बारा वर्षांनी, इतर प्रत्येक जत्रेच्या बातमीत ऐकावा लागतो. इंग्लंडमध्ये १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचे प्रेक्षक असेच दाबाने गेले, तेव्हा दोष प्रेक्षकांवरच टाकला गेला होता. त्यांच्या वागण्यामुळे ते घडले नाही, असा ज्यूरीचा निर्णय यायला २०१६ साल उजाडावे लागले. सत्तावीस वर्षे वाचलेल्यांना मित्राच्या मृत्यूबरोबर हाही आरोप सांभाळावा लागला.

नव्या तिसऱ्या प्रकरणात कोणीही धावणार नाही. शब्द कोणता वापरायचा ते ठरलेले नाही. तूर्त माझी नायिका सुमन फक्त 'ते' म्हणते.

८ जुलै २०२५, मंगळवार

गंगापूर धरणातून पाणी सोडल्यामुळे नदी भरून वाहते आहे आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले याची चर्चा भाजीवाल्यापासून सर्वत्र आहे. लिहायला असे दिवस बरे असतात.

पात्रे चारच ठेवली. सुमन त्या वेळी एकतीस वर्षांची होती, आता त्रेपन्न. तिच्या मागे सासूबाई होत्या आणि त्यांचा हात तिने धरला होता. दिलीप तेव्हा बाविशीचा होमगार्ड, दोरीपाशी उभा. वसंतशेठ तांब्याच्या भांड्यांचे दुकानदार. त्यांनी सात माणसांना ओट्यावर ओढून दुकानात घेतले आणि मग शटर खाली केले. मेघा सहा वर्षांची होती, कोणाच्या तरी खांद्यावरून बाहेर आली आणि तिला त्यातले काहीही आठवत नाही. न आठवणाऱ्या माणसाचे दुःख मला आधी चैन वाटत होते. आता वाटते की चौघांत तिचेच काम सर्वांत कष्टाचे आहे, कारण दरवर्षी घरातले तिच्याकडे पाहून देवाचे आभार मानतात आणि कोणाच्या खांद्यावरून आपण आलो हे तिला सांगणारे कोणीच नाही.

आजचा दिवस एका वाक्यावर गेला. सुमन नवऱ्याला सांगते, 'मी हात सोडला.' नवरा म्हणतो, 'अगं, सुटला.' सोडणे सकर्मक, सुटणे अकर्मक. एकात कर्ता लागतो, दुसऱ्यात लागत नाही. मला वाटते, माझ्या पुस्तकाचा सगळा प्रवास या दोन क्रियापदांच्या मधला आहे. पहिल्या पानावर सुमन 'सोडला' म्हणेल आणि शेवटच्या प्रकरणात, कोणी न शिकवता, तिच्या तोंडून 'सुटला' येईल. सहा वर्षे हेच मिळत नव्हते. आज चहा दोनदा केला.

२२ जुलै २०२५, मंगळवार

एका परिचित मनोविकारतज्ज्ञ बाईंनी खर्ड्यातली साठ पाने वाचली आणि तासभर बोलल्या. त्यांनी सर्वांत आधी खोडले ते सहावे प्रकरण. त्यात घटनेनंतर आठवड्याभरातच एक समुपदेशक येतो, सर्वांना गोलाकार बसवतो, जो तो आपली हकिकत सांगतो, सगळे रडतात आणि हलके होतात. एकाच बैठकीत सर्वांना घडले ते पुन्हा सांगायला लावण्याची ही पद्धत एकेकाळी सर्रास वापरली जात होती. मात्र तिची तुलनात्मक तपासणी झाली तेव्हा पुढचा आजार त्यामुळे टळतो असे दिसले नाही आणि काहींच्या बाबतीत ती अपायकारक ठरली. बाई म्हणाल्या, 'त्या आठवड्यात माणसाला झोप, जेवण, ओळखीचा चेहरा आणि आपले माणूस कुठे आहे याची खरी माहिती लागते. बोलायचे की नाही ते त्याला ठरवू द्यावे.' सहावे प्रकरण गेले. त्याच्या जागी सुमनची शेजारीण तेरा दिवस डबा आणते आणि दारातच ठेवून जाते.

दुसरी गोष्ट काळाची. वेल्समधील एबरफॅन गावावर २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळशाच्या खाणीचा ढिगारा घसरला आणि ११६ मुले व २८ प्रौढ गेले. शाळेतून वाचलेल्यांपैकी ४१ जणांना तेहतीस वर्षांनी तपासले तेव्हा त्यांतल्या २९ टक्के लोकांना आघातोत्तर तणावाचा विकार त्या वेळीही होता. बाईंनी मला हा आकडा उलटूनही वाचायला सांगितले. म्हणजे सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांना तो तेव्हा नव्हता, आणि तरी त्यांना विचारले असते तर आपण बरे झालो असे त्यांतले कितीजण म्हणाले असते? बरे होणे आणि आजार नसणे या दोन गोष्टी कादंबरीत मी एकच धरल्या होत्या.

लांबलेल्या शोकाचे निदान करताना अमेरिकन मनोविकार संघटनेने प्रौढांसाठी मृत्यूनंतर बारा महिन्यांची मुदत घातली आहे, असे त्यांनी सांगितले. 'आपल्याकडे वर्षश्राद्ध असतेच,' मी म्हणाले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'वर्षश्राद्धानंतर लोक विचारायचे थांबतात, हे पण लिहा.'

निघताना मी मावशीविषयी विचारले. त्यांनी माझाच नियम मला सांगितला, फक्त एक शेपूट जोडून: विचारू नका, पण ती बोलली तर विषय बदलू नका.

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार

दिलीपचे प्रकरण. त्या रात्री ड्यूटी संपवून घरी जाताना त्याने आकाशात तांबडा, न लुकलुकणारा तारा पाहिला, असे तो सर्वांना सांगतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ खरोखरच पृथ्वीच्या इतका जवळ होता की तसा तो गेल्या सुमारे ६० हजार वर्षांत आला नव्हता, आणि अमावास्येमुळे आकाशात चंद्रही नव्हता. परंतु श्रावणातल्या नाशिकच्या आकाशात ढग असतात, आणि ही बातमी दिलीपने नंतर वाचली असण्याचीही शक्यता आहे. अमेरिकेत १९८६ साली चॅलेंजर यानाचा स्फोट झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी काही विद्यार्थ्यांकडून, आपण ती बातमी कुठे व कशी ऐकली ते लिहून घेतले होते. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारले तेव्हा अनेकांची उत्तरे बदललेली होती आणि स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवल्यावरही ती आठवण परत आली नाही. तरीही आपल्या नव्या आठवणीविषयी त्यांना पुरेपूर खात्री होती.

दिलीपने मंगळ पाहिला की नाही, हे मी ठरवणार नाही. बावीस वर्षे त्याला त्या दिवसातली एकच सुंदर गोष्ट सांगता येते आणि ती त्याच्याकडून काढून घेण्याचे मला कारण दिसत नाही.

२२ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

आज पिठोरी अमावास्या आणि पोळा. सकाळी मातीचे बैल आणले. दुपारपासून अमावास्या लागली.

ज्यांचे माणूस त्या दिवशी गेले त्यांच्या घरी स्मरणाचे दिवस दोन असतात, ही गोष्ट माझ्या आधीच्या खर्ड्यात पूर्णपणे निसटली होती. तारखेचा दिवस वर्तमानपत्राचा आणि सरकारी. तिथीचा दिवस घरचा. दोन्ही दरवर्षी वेगवेगळे येतात, कधी आठवड्याच्या, कधी त्याहून अधिक अंतराने, आणि मधले दिवस धड अलीकडचे नाहीत की पलीकडचे नाहीत. वर पिठोरी म्हणजे आईचे व्रत. मुलाबाळांच्या आयुष्यासाठी ती दिवसभर उपवास करते, संध्याकाळी चौसष्ट योगिनींची पूजा करते आणि नैवेद्याचे ताट खांद्यावरून मागे धरून, वळून न पाहता विचारते, 'अतिथी कोण?' मुले मागून 'मी' म्हणून ते घेतात. आमच्या आजोळी बायका 'अतीत कोण?' असे म्हणत. तेव्हा मला तो शब्द अशुद्ध वाटायचा.

सातवे प्रकरण आज एका बैठकीत झाले. सुमनला दोन मुले आहेत, तिला व्रत टाळता येत नाही. ती ताट खांद्यावरून मागे धरते आणि मागून हात येतो. सासूबाईंचा हातही तिने असाच, न वळता, मागे धरला होता. २००४ साली तिने विचारले आणि उत्तर येण्याआधी ताट खाली ठेवले. पुढची काही वर्षे तिने ताट समोर धरले आणि सासरच्या बायकांनी काही म्हटले नाही. २०११ साली धाकटा मागून ओरडून हसला, 'मी, मी, दुसरं कोण?' आणि ती वळली. याहून अधिक काही त्या प्रकरणात घडत नाही. मला ते पुरेसे वाटते.

संध्याकाळी मावशीकडे पुरणाची पोळी घेऊन गेले. तिने नातवाला मागे बसवून ताट व्यवस्थित खांद्यावरून दिले. मी पाहत होते हे तिने पाहिले.

२७ ऑगस्ट २०२५, बुधवार

गणेश चतुर्थी. तारीख तीच, आणि २००३ प्रमाणे वारही बुधवारच. रविवार कारंजा चौकात सकाळपासून ढोल. घरी गणपती बसवला, मोदक केले. लिहिले नाही.

२१ सप्टेंबर २०२५, रविवार

सर्वपित्री अमावास्या. वसंतशेठच्या प्रकरणाने तीन आठवडे खाल्ले.

सोडणे-सुटणे हे माझे सूत्र त्यांच्यापाशी येऊन अडते. शटर आपोआप खाली येत नाही. त्यांनी ते ओढले, आत सात माणसे होती, बाहेरून कोणीतरी पत्र्यावर हात मारत होते. ते उघडे ठेवले असते तर आतलेही दबले असते, हे त्यांना ठाऊक आहे, पोलिसांना ठाऊक होते, त्या सातजणांना तर आहेच. त्यांतले दोघे दर दिवाळीला मिठाई घेऊन येतात आणि शेठ त्यांना भेटणे टाळतात. इथे दोष खोटा आहे असे सांगून मोकळे होता येत नाही. त्यांनी एक निवड केली आणि ती बहुधा योग्य होती. योग्य निवडीनेही माणूस असा बावीस वर्षे दुकानाच्या मागच्या दाराने येजा करू शकतो.

हस्तलिखित वाचणाऱ्या मैत्रिणीने सुचवले की पत्र्यावर हात मारणारा माणूस वाचला होता असे शेवटी कळू द्यावे. मी नकार दिला. शेठना तो कोण होता हे कधीच कळणार नाही, वाचकालाही नाही. त्याऐवजी त्यांनी काय केले हे लिहिले आहे: २०१५ च्या सिंहस्थात त्यांनी दुकान तिन्ही स्नानांना उघडे ठेवले, माल काढून टाकला, आत सतरंजी अंथरली, पाण्याचे दोन पिंप भरले आणि शटर वर करून त्याला साखळीने कुलूप घातले. किल्ली मुलाकडे दिली. गर्दी त्या बाजूला फारशी आलीच नाही. सतरंजीवर दिवसभरात एक थकलेला बैरागी आणि एक हरवलेली मुलगी एवढेच बसून गेले.

हे प्रकरण मला स्वतःला सर्वांत आवडते आहे. म्हणून ते आठवडाभर बाजूला ठेवत आहे.

१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

शेवटचे प्रकरण काढून टाकले. चौघे रामकुंडावर योगायोगाने भेटतात, मेघाला कळते की तिला खांद्यावर घेणारा दिलीपच होता, सगळे मिळून नदीत दिवा सोडतात. लिहिताना मला हुंदका आला होता, त्यामुळे त्यावर संशय घेणे भागच होते. एकाच रस्त्यावर एकाच तासात जे दबले गेले त्यांची आपसांत ओळख असते, हा वाचकाचा समज आहे. ती माणसे वेगवेगळ्या गावांतून आलेली आणि वेगवेगळ्या एस.टी.ने परत गेलेली असतात. त्यांच्यात सामाईक असतो तो फक्त एक आकडा, आणि ते त्या आकड्याच्या बाहेर असतात.

किरकोळ काटछाटही केली. तिसऱ्या प्रकरणातले सुमन नळावर गडू भरताना तिचा पदर भिजतो हे वाक्य कशाच्याच उपयोगाचे नव्हते, ते काढले. बाराऐवजी अकरा प्रकरणे राहिली. अकराव्यात सुमन धाकट्याला घेऊन उतारावरून खाली येते आणि म्हणते, 'इथं आजीचा हात सुटला.' खर्डा पूर्ण.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

भाऊबीज होऊन गेल्यावर मावशी चार दिवस राहायला आली आहे. दुपारी मी आत असताना तिने टेबलावरचे अकरावे प्रकरण वाचायला घेतले होते. ती ओळीखाली बोट ठेवून वाचते, त्यामुळे मी बाहेर आले तेव्हा ती दुसऱ्या पानावर होती. पाने लपवण्याची वेळ निघून गेली होती. मी समोर बसून मेथी निवडायला घेतली.

वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला आणि एक जुडी आपल्याकडे ओढली. बराच वेळ आम्ही दोघी मेथीच निवडत होतो.

'जत्रंत हात कुणी धरतं का गं?' ती म्हणाली. 'हात घामानं निसटतो. आम्ही पदराला पदर बांधला होता. घरून निघतानाच बांधला होता, एस.टी.त सोडला अन् पंचवटीत उतरल्यावर परत बांधला.'

विषय बदलायचा नाही, एवढेच मला आठवत होते. विचारायचे नाही, हे मी विसरले. 'मग गाठ सुटली?'

'सुटती कसली. गच्च बसली होती. जाऊबाई तिकडं गेली अन् पदर माझ्या गळ्याशी आला. मी सोडली. हात वर येईनात, म्हणून दातानं सोडली.' तिने मेथीचे एक देठ मोडून पाहिले आणि कोवळे आहे असे ठरवून पानांत टाकले. 'नसती सोडली तर दोघी गेलो असतो.'

'मावशी, तू हे कुणाला सांगितलं होतंस?'

'भाऊजींना. तेराव्यालाच सांगितलं. ते म्हणाले, बरं केलं. परत कधी बोलले नाहीत, पण दरवर्षी भाऊबीजेला साडी आणायचे, ते जाईपर्यंत.' मग तिने पानांकडे बोट केले. 'तुझ्या सुमनकडं गाठच नाही.'

जे क्रियापद सुमनच्या तोंडातून जावे म्हणून मी पाच महिने आणि ११ प्रकरणे खर्च केली, ते मावशीने माझ्यासमोर पुन्हा पुन्हा उच्चारले आणि त्यात दुरुस्ती करण्याची मला गरज वाटली नाही. तिलाही वाटली नसावी. ती म्हणाली, 'लिही. जाऊबाईचं नाव नको.' भाजी तिनेच फोडणीला टाकली.

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पहिले, तिसरे आणि अकरावे प्रकरण पुन्हा लिहायचे आहे. अकराव्यातले शेवटचे वाक्य काढले, दुसरे अजून सुचलेले नाही. नवऱ्याचे 'अगं, सुटला' मात्र राहील, कारण तो तसे म्हणणारच. सातव्या प्रकरणातल्या ताटाचे काय करायचे ते पाहावे लागेल. मागून येणारा हात आता तितका नेमका राहिलेला नाही, पण मावशीनेही ताट खांद्यावरून दिले होते. वसंतशेठच्या प्रकरणाला हात लावायचा नाही. मुदत दिवाळीची होती, ती आता संक्रांतीची धरते.

गाठ कशी मारतात ते मला लिहिता येईना, म्हणून मावशीने सकाळी दोन रुमाल घेऊन दाखवले. टोके आधी पिळून घ्यायची, एकमेकींवरून दोन वेढे द्यायचे आणि मग ओढायचे. सुती असेल तर बरी बसते, ओली झाली तर सहसा सुटत नाही. तिसऱ्या प्रकरणातले नळावर पदर भिजल्याचे वाक्य परत घातले.